सुरणाची खोली

मला खोली भाड्यानं देण्याआधी काकाजींनी माझा वास घेतला होता. अतिशयोक्ती नाही. सिंदी गावच्या मुलींच्या शाळेत मी नव्यानं रुजू झाले होते, घाटावरची मुलगी, हातात वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. काकाजी ओट्यावरून उठले, माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले, डोळे मिटले आणि नाकानं सावकाश हवा ओढली. म्हणाले, "खोबऱ्याचं तेल, खडूची भुकटी, अन् गाडीत उलटी झालती तुम्हाले. खोटं बोलणारी बाई नाई तुम्ही. राहा." मला असा काही संताप आला की वळकटी त्यांच्या डोक्यात घालावी! पण उलटी खरंच झाली होती, आणि गावात दुसरी खोली मिळत नव्हती. मी राहिले.

जिनिंगमध्ये त्यांचा सारा जन्म रूई पारखण्यात गेला होता. बाकीचे पारखी बोटांनी धागा ओढून बघत, हे रूईच्या गाठीत नाक खुपसत. गाठ आतून ओली आहे की नाही, सरकी कुजकी होती की नाही, हे त्यांना बाहेरून कळे म्हणतात. "हाताले रूई फसवते, डोळ्याले तं कोणी बी फसवते, नाकाले फसवून दाखवा," हे त्यांचं पालुपद. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. सकाळचा पेपर आधी हुंगायचे आणि मग वाचायचे. एखाद्या दिवशी तसाच परत ठेवत, "शाई कच्ची आहे, बातम्या बी कच्च्याच असतीन." शेजारच्या किराणावाल्या शेठजींच्या दुकानात त्यांनी हिंगाच्या डबीवरून इतके वाद घातले होते की त्यांना दुरून येताना पाहिलं की शेठजी डबी गल्ल्याखाली लपवायचे. गावात त्यांना सगळे नाकवाले काकाजीच म्हणत. खरं नाव मलाही बरेच दिवस माहीत नव्हतं.

घर आगगाडीसारखं लांबच लांब होतं. पुढची खोली माझी, मग त्यांची बैठक, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं एक अंधारी खोली. तिला खिडकी नव्हती. वर आढ्याजवळ एक झरोका होता, तो शेठजींच्या अंगणात उघडायचा. त्या खोलीत काकू असत. "तिले बरं नाई," एवढंच काकाजी सांगत, आणि विषय बदलत.

एक दिवस मीच वाटीभर शिरा घेऊन मागं गेले. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. अंगावर मांस असं नव्हतंच, पण केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझ्याकडे त्यांनी फार मायेनं पाहिलं. "बाई, तुम्हाले मी दिसून राह्यली?"

"दिसताय की. का बरं?"

"मंग तुमचं बी काही खरं नाई," त्या हळहळून म्हणाल्या. "एवढ्या लहान वयात!"

वाटी माझ्या हातातच राहिली. अंगावर सरसरून काटा आला, आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं.

काकाजींनी मग मला सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, आवाज खाली न आणता. मी येण्याआधीच्या उन्हाळ्यात काकूंना मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं, धूर झाला, आणि त्यांना त्याचा काही पत्ता लागला नाही. त्या दिवशी त्यांनी निकाल लावला. जिवंत माणसाला करपलेल्या दुधाचा वास येतो. आपल्याला येत नाही. तेव्हा आपण गेलो.

"तापातच गेली मी," मागच्या खोलीतून शांत आवाज आला. "भर दुपारची येळ होती. याईले डुलकी लागलती. कोणी पाह्यलं नाई."

काकाजी त्यांच्या प्रत्येक वाक्याला तोडीस तोड उत्तर द्यायचे. हे वाक्य आलं की मात्र उठून ओट्यावर जाऊन बसायचे. दुपारी झोपणं त्यांनी सोडून दिलं होतं. सिंदीच्या त्या उन्हात सगळं गाव दारं लोटून पडलेलं असे, आणि हा माणूस ओट्यावर ताठ बसून असे.

खरी अडचण जेवणाची होती. काकू जेवत नव्हत्या. काकाजी भरवायला बसले की नाइलाजानं दुधापेजेचे चारदोन घोट घेत, पुन्हा तोंड मिटत. भांडण नाही, त्रागा नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्या दृष्टीनं अगदी रीतसर होतं. "मेलेल्याले काय ताटात देतेत? पानावर देतेत. पाणी फिरवतेत, नाव घेतेत. पित्रपाटाले तुम्ही तुमच्या मायले पान ठेवता नाई? मले बी ठेवा. मी जेवीन."

"जित्या बाईले पान ठेवू?" काकाजी ओरडत. "मी?"

"मंग राहू द्या."

शेठाणीबाई मोठ्या व्यवहारी. त्या झरोक्याखालच्या अंगणात पापड वाळत घालता घालता मला म्हणाल्या, "बाईजी, समजाओ ना त्यांना. पान ठेवायला काय जातं? पेट में तो अन्न जाईल!" मलाही ते पटलं होतं. मी काकाजींना तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "बाई, ज्या दिवशी मी पान ठेवलं, त्या दिवशी मी बी म्हटलं की हे गेली. मंग तिले वापस कोण आणन?" ते चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण काकूंचे हात दिवसेंदिवस बारीक होत होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि या दोघांत नमतं घ्यायला कोणी तयार नव्हतं.

काकाजींचा उपाय म्हणजे नाक. एकदा, फक्त एकदा हिला वास यायला पाहिजे, म्हणजे हिला पटेल. काकू खोलीबाहेर येत नव्हत्या, म्हणून वास खोलीत आणायचा. मागच्या खोलीत त्यांनी बागच केली. डालड्याचे डबे, फुटके माठ, जुनी घमेली, सगळ्यांत माती. सुरुवात मोगरा, मरवा, दवणा अशी सोज्वळ होती. ऊन दाखवायला डबे सकाळी अंगणात न्यायचे आणि परत आणून बंद खोलीत ठेवायचे. रोज एकच प्रश्न. "येऊन राह्यला का?"

"नाई."

मग लसूण आला. घाणेरी आली. आंबेहळद आली. मागच्या खोलीत पाऊल टाकलं की मला ठसका लागायचा आणि काकू तिथं निवांत बसलेल्या असायच्या. काकाजींचं तर्कशास्त्र हळूहळू बदलत गेलं. "गोड वासानं नाक झोपते, बाई. झोपलेल्याले अंगाई म्हणून उपयोग काय?" कुण्या शेतकऱ्यानं त्यांना सांगितलं की सुरणाचा कांदा दोनतीन वर्षं उपटला नाही तर त्याला उन्हाळ्यात फूल येतं, आणि त्या फुलाला मेलेल्या जनावराचा वास असतो. काकाजी बैलगाडीत घालून घमेल्याएवढाले कांदे घेऊन आले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात त्यातला एक फुलला. मी शाळेतून परत येत होते, आणि चार घरं अलीकडेच मला वास लागला. कुत्रं मरून पडावं, ऊन लागावं, तसा. आमच्या दारात निम्मी आळी जमली होती. सगळ्यांच्या नाकाला धोतराचा सोगा, पदर, नाहीतर रुमाल. वर्षभर न दिसलेली बाई, आणि घरातून मढ्याचा वास. लोकांनी हिशेब केला होता. शेठजी पुढं होऊन म्हणाले, "काकाजी, वहिनी कुठं आहेत? खरं सांगा. आम्ही पोलिसाले बोलवू."

काकाजी दारात हात पसरून उभे होते. "आत आहे. चांगली आहे. फूल आलं आहे घरात, फुलाचा वास आहे."

कोणी हसलंसुद्धा नाही. तेवढ्यात काकाजींच्या हाताखालून काकू बाहेर आल्या. वर्षभरानं उंबऱ्यावर. उन्हात त्यांचा चेहरा कागदासारखा दिसत होता. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बरोबर ओळखलं तुम्ही. मलेच मरून वर्ष झालं. याईले सांगून सांगून थकली."

शेठाणीबाई जागच्या जागी खाली बसल्या. माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत मागं सरली. एक म्हातारा चपला तिथंच सोडून पळाला, त्या आठवडाभर आमच्या दारात पडून होत्या, कुणी न्यायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजी एकटेच आले. माणूस वाईट नव्हता. वास बंद करा म्हणाले, नाहीतर लोक दार फोडतील आणि वहिनींना उचलून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, मग आपल्या हातात काही राहणार नाही. काकाजींनी ऐकून घेतलं. फूल तोवर लोळागोळा होऊन पडलं होतं. काकूंना काही वास आला नव्हता. पण बाकीचे कांदे मातीत शाबूत होते, आणि पुढचा उन्हाळा यायचा होता.

एखाद्यानं सुरणं फेकून दिली असती. काकाजींनी वास खोलीत अडवायचं ठरवलं.

पुलगावच्या लष्करी डेपोत नोकरी केलेला त्यांचा एक ओळखीचा होता. त्यानं कधीतरी सांगितलं होतं की विषारी वायूपासून वाचायला सैनिक जो मुखवटा लावतात त्यात कोळसा असतो, आणि तोसुद्धा नारळाच्या करवंटीचा. झालं! शनिवारी मारुतीच्या देवळातून पोतंभर करवंट्या यायला लागल्या. नवीन काही विकत घ्यायचं नाही, हा काकाजींचा हट्ट. एका पत्र्याच्या डब्यात करवंट्या भरायच्या, झाकण मातीनं लिंपायचं, धूर निघायला खिळ्याएवढं भोक ठेवायचं आणि खाली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटवायची. हवा आत गेली की राख होते, नाही गेली की कोळसा. तो कुटायचा, ज्वारीएवढा ठेवायचा, भुकटी चाळून टाकायची, धुवायचा, वाळवायचा.

पहिल्यांदा त्यांनी घाई केली होती. इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा कोळसा आणला, तेलाच्या डब्याला भोकं पाडली, आत कोळसा भरला आणि मागं जिनिंगच्या भंगारातला पंखा लावला. बटण दाबल्याबरोबर खोलीभर काळी वावटळ उठली. धूळ बसल्यावर काकू दिसल्या, पलंगावर तशाच, नखशिखांत काळ्या, फक्त डोळे पांढरे. शिंकल्यासुद्धा नव्हत्या. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "जाळून झालं का?"

मग काकाजी शहाणे झाले. पंखा फिरवून लावला, म्हणजे तो ढकलायच्या ऐवजी ओढील. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून एकात एक अशी दोन नळकांडी केली. मधल्या जागेत करवंटीचा कोळसा ठासून भरला. धूळ अडवायला त्यावर रूईचा पातळ थर आणि जुन्या धोतराचं कापड. अशी ती गुंडाळी झरोक्यात बसवली. खोलीतली हवा तिच्यातून गेल्याशिवाय बाहेर पडायची नाही. तरी पहिल्या चाचणीला आत ठेवलेल्या भाजीच्या सडक्या कांद्यांचा वास बाहेर आलाच, कारण झरोक्याच्या कडेला बोटभर फट होती. "वास चोर असते, बाई. दार बंद केलं तं खिडकी पाहते." सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी फट बुजवली. दाराखाली ओलं पोतं अंथरलं. सडके कांदे पुन्हा ठेवले. अंगणातून शेठाणीबाई म्हणाल्या, "कुछ नहीं आता!"

काकाजी मूठभर कोळसा हातात घेऊन मला समजावत होते. "बाभळीचा कोळसा पोट भरलेला असते. करवंटीचा भुकेला आहे. जो उपाशी असन, तोच वास खाते."

"मी बी उपाशीच आहे," काकू आतून म्हणाल्या. "मले कुठं येते?"

काकाजींच्या हातातला कोळसा खाली सांडला. त्यांनी तो एक एक खडा करून वेचला.

त्या हिवाळ्यात घर फार विचित्र झालं होतं. पंखा सतत घुमत असे. मागच्या खोलीत डाळ फोडणीला टाकल्याचा वास पोचायचा नाही, उदबत्ती लावली तरी ती नुसती जळताना दिसायची. त्या खोलीत उभं राहिलं की आपणच कुठंतरी राहून गेलोय असं वाटायचं. मी शक्यतो आत जाणं टाळत असे. काकाजी मात्र तासन् तास तिथं बसत, सुरणांना पाणी घालत, कोळसा बदलत, आणि कोळशाच्या बारीक धुळीनं त्यांच्या नाकपुड्या कायम काळ्या असत. काकू आता आधाराशिवाय उठू शकत नव्हत्या. डॉक्टर येऊन सांगून गेला की पोटात अन्न गेलं नाही तर या पावसाळा काढणार नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी गावी गेले नाही. मला जाववलं नाही.

एका दुपारी काकाजी माझ्या दारात आले. "बाई, चला. मोठा फुलला. आज होते." दाराखालचं ओलं पोतं सरकवून आम्ही आत शिरलो आणि मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घमेल्यात ते बसलं होतं, जांभळं, सुरकुतलेलं, पाणी सुटल्यासारखं चकाकणारं, कोबीच्या गड्ड्याहून मोठं. मी नकळत हात पुढं केला. ते कोमट होतं. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखं कोमट. खोली सगळीकडून बंद होती, तरी माश्या आल्या होत्या. काही फुलावर फिरत होत्या, काही काकूंच्या हातावर. काकू हाकलत नव्हत्या.

"येऊन राह्यला का?" काकाजींनी विचारलं.

"नाई."

"नीट पाहा. जोरात ओढा."

"नाई येत, अवो."

काकाजी स्वतः फुलावर वाकले. डोळे मिटून त्यांनी दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग सरळ झाले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "याले वासच नाई," ते म्हणाले. "वांझ निघालं. नाईतर माह्या कोळशानंच सारा ओढून घेतला असन." आणि त्यांनी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं, गुंडाळी झरोक्यातून उपसून काढली.

मला सांगायचं होतं, पण तोंडातला पदर काढता येईना. इतक्या महिन्यांनी पंखा थांबला होता. काकाजी पुन्हा फुलाशी वाकले होते. वाट पाहत होते.

आणि झरोक्यातून शेठाणीबाईंचा आवाज आला, अंगणात भांडं पडल्याचा आवाज आला. "अरे देवा! काकाजी! बंद करो! उलटी होईल!"

काकाजी वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातला पदर पाहिला, वाहणारे डोळे पाहिले. पुन्हा एकदा फुलाकडे पाहिलं आणि त्यात नाक पार टेकवलं. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला तो जांभळा ओलसरपणा लागला. ते नाक कोळशाच्या धुळीनं गेलं, या घाणीत वर्षभर बसून गेलं, की वयानं, कोण सांगणार? मला रडू आलं. ते वासाचं नव्हतं.

काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"तुम्हाले बी नाई?"

काकाजींनी मान हलवली.

काकू दोन्ही हातांनी पलंगाला धरून, जोर करून, बाजूला सरकल्या. जागा केली. काकाजी त्या जागेवर जाऊन बसले. दोघांचेही पाय जमिनीला टेकत नव्हते.

काकाजी म्हणाले, "बाई, तुमच्याकडे वरणभात असन?"

"आहे."

"फडताळात पळसाच्या पत्रावळी आहेत. दोन पानं वाढा."

मी माझ्या खोलीतून भात आणला, वरण आणलं, मिठाची चिमूट, लिंबाची फोड. वाढताना भात पानाबाहेर सांडत होता. काकाजी पलंगावरून खाली उतरले, काकूंना उचलून त्यांनी पानासमोर बसवलं. मग ओंजळीत पाणी घेतलं आणि काकूंच्या पानाभोवती फिरवलं. त्यांचं नाव घेतलं. ते मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या पानाभोवती पाणी फिरवलं आणि स्वतःचं नाव घेतलं.

काकूंनी भात कालवला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग त्यांची मान वर झाली नाही. पान पुसून घेतलं. मागून घेतलं. मी वाढत राहिले. झरोक्यातून शेठाणीबाई अजून ओरडत होत्या.

काकाजींचा घास हातातच होता. ते तो तोंडाजवळ नेत, थांबत, खाली ठेवत.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. खरकट्या हातानंच त्यांचं पान त्यांच्याकडे थोडं सरकवलं.

"जेवा," त्या म्हणाल्या. "पहिले पहिले जड जाते."